फळी, पाऊल आणि संहिता

नौकेच्या फळ्या एकामागून एक बदलत गेल्या आणि मूळची एकही उरली नाही, तर ती नौका तीच राहते का? प्लूटार्कने थीसिअसच्या चरित्रात नोंदविलेला हा प्रश्न पाश्चात्य तत्त्वविचारात तादात्म्याचा नमुनाप्रश्न ठरला आहे. अथेन्सवासीयांनी थीसिअसची तीस वल्ह्यांची नौका कुजलेल्या फळ्यांच्या जागी नव्या बसवीत दीर्घकाळ जतन केली आणि तत्त्वज्ञांमध्ये तिच्याविषयी दोन पक्ष पडले. १६५५ मध्ये हॉब्सने त्यात एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या व त्याच क्रमाने जोडून दुसरी नौका उभी केली, तर खरी कोणती? ‘मिलिंदपञ्ह’मधील नागसेन या प्रश्नाची वाटच बदलतो. चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे. ‘रथ’ हे त्यांच्या जुळणीला मिळालेले व्यवहारातील नाव होय.

या मांडण्यांत एक साम्य आहे. प्रश्नकर्ता नौकेवर उभा नाही. राजा मिलिंद रथातून आला होता हे नागसेन त्याच्याकडून वदवून घेतो खरा. पण संवाद चालतो तो राजा रथातून उतरल्यानंतर. काठावरून पाहणाऱ्यास वस्तूची ओळख हाच प्रश्न दिसतो. जो नौकेवर पाऊल टाकणार आहे त्याचा प्रश्न निराळा असतो: ही फळी पाऊल धरील का?

इंग्लंडमधील कालव्यांत चालणाऱ्या अरुंद नौकांच्या डेकवरील फळ्यांचा विचार केला की हा भेद स्पष्ट होतो. पाण्याची पातळी बदलणाऱ्या दारांपाशी माणसाला काठावर उतरावे लागते, दार लोटावे लागते आणि ओल्या पायांनी परतावे लागते. म्हणून या फळ्यांवर वाळू वा बारीक खडी मिसळलेला रंग देतात. फळी कुजते ती बहुधा कापलेल्या कडांपासून आणि स्क्रूच्या छिद्रांपासून, कारण पाणी तेथूनच आत शिरते. त्यामुळे नव्या फळीच्या सर्व कडा आणि छिद्रे रंगाने वा राळेने बंद केल्याशिवाय ती बसविण्यात अर्थ नसतो. पण लाकूड शाबूत असतानाही पृष्ठ निकामी होऊ शकते. पावलांनी खडी झिजते, फळी गुळगुळीत होते. ती तेव्हा अधिक नेटकी दिसते आणि नेमकी तेव्हाच धोक्याची असते. येथे जतन म्हणजे खडबडीतपणा पुन्हा पुन्हा निर्माण करणे होय.

हा विचार केवळ परदेशी नौकेपुरता नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगावचा परिसर अवर्षणप्रवण आहे. कुकडीच्या कालव्याचे पाणी या तालुक्यात येते ते पिकांसाठी. त्यावर नौका चालत नाही. परंतु फळ्या बदलण्याचा व्यवहार सीनेच्या खोऱ्याला अपरिचित नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांमध्ये बर्गे बसवितात. पावसाळा सरला की ते घालायचे, पाणी अडवायचे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काढायचे, पूर वाहू द्यायचा. पूर्वी बर्गे लाकडी असत. दोन ओळी लावून मधे माती ठासत. पुढे लोखंडी आले. लाकूड भिजून फुगते आणि फट आपोआप आवळते. लोखंड फुगत नाही, म्हणून त्याला रबराची पट्टी लागते. द्रव्य बदलले की जुने द्रव्य मुकाट्याने करीत असलेले काम नव्याने कोणाला तरी करावे लागते. बर्गे बदलल्याने बंधारा ‘तोच’ राहिला का, असे बंधाऱ्याखालचा शेतकरी विचारीत नाही. पाणी किती झिरपते, हे तो पाहतो. दरवर्षी सुटा होणारा आणि जोडला जाणारा हा बंधारा तादात्म्याच्या प्रश्नाला जणू उत्तर देण्याचेच नाकारतो.

तरीही केवळ उपयुक्तता हा निकष पुरेसा मानता येईल का? तसे मानल्यास पाऊल धरणारी कोणतीही फळी चालेल, पाणी अडविणारी कोणतीही भिंत बंधारा ठरेल. हा आक्षेप ज्या क्षेत्रात सर्वांत तीव्र होतो ते क्षेत्र संहितेचे. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सुमारे तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पाठांतरांमुळे बिघडलेला तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीदही दिली. कुजलेल्या फळ्या बदलणे आणि मनाजोगती नवी फळी जोडणे यांतील सीमारेषा त्यांनी आखून दिली. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रकाशित केली. तिच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद झाले. पण तात्त्विकदृष्ट्या पाहता ही हॉब्सची दुसरी नौकाच होती. जुन्या फळ्यांची म्हणून पुढे आलेली नौका वापरातल्या नौकेसमोर उभी राहिली.

या दोहोंत खरी कोणती, असे विचारले की पुन्हा काठावर जाऊन उभे राहावे लागते. वाचकाचे पाऊल संहितेवर कोठे टिकते, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. पाठचिकित्सेचे एक जुने तत्त्व असे की, दोन पाठांपैकी कठीण पाठ सामान्यतः अधिक विश्वसनीय मानावा. कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. प्रत्येक नक्कल संहितेवरून चालत गेलेले एक पाऊल असते. शब्द झिजतो, अपरिचित रूपाच्या जागी परिचित रूप येते, ओळ गुळगुळीत होते. अशा ओळीवरून वाचक अडखळत नाही आणि म्हणूनच घसरतो. अर्थ कळला असे त्याला वाटते, वस्तुतः कळलेला असतो तो त्याचा स्वतःचाच काळ. सुबोधतेच्या नावाखाली जुन्या ग्रंथांची जी रूपांतरे होतात त्यांचा नैतिक दोष हाच आहे. ती फळी बदलतात आणि खडी गाळतात.

अर्थात प्रत्येक खडबडीतपणा जपण्यासारखा नसतो. लेखनिकाच्या प्रमादातूनही अवघड पाठ निपजतो. वर आलेला स्क्रूही पायाला अडतो, पण तो पायाला धरीत नाही, पाडतो. हा विवेक कोणत्याही नियमाने आपोआप साधत नाही. म्हणून बदल करणाऱ्याने बदलाची खूण ठेवणे अगत्याचे ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ ते १९६६ या काळात पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी मुख्य पाठ निवडला आणि न स्वीकारलेले पाठभेद त्याच पृष्ठाच्या तळाशी दिले. काढलेल्या फळ्या नौकेतच, पायांखाली ठेवल्या. संपादकाची निवड चुकली असेल तर पुढच्या अभ्यासकाला ती तपासता येते, प्रसंगी जुनी फळी परत बसविता येते.

जतन करणाऱ्याचे उत्तरदायित्व असे दुहेरी आहे. नंतर येणाऱ्याचे पाऊल घसरू नये, आणि आपण काय बदलले हे त्याला कळावे. पहिले पाळून दुसरे टाळणारा कुशल कारागीर असू शकेल. त्याला संपादक म्हणता येणार नाही. दुसरे पाळून पहिले टाळणारा नौकेचे संग्रहालय करतो. नौका तीच आहे की नाही, या वादाचा निकाल या दोन्ही कर्तव्यांच्या पालनानंतरही लागत नाही. पण तो लागेपर्यंत नौका चालती राहते.