हाताची साक्ष

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या मुलीनें आपला कॅमेरा बदलला. पहिला होता तो सोनीचा ‘ए सेव्हन’, २०१३ सालीं बाजारांत आलेला; दुसरा त्याच्याच पाठचा, २०१४ सालचा ‘ए सेव्हन टू’. दोन्ही कोणीतरी वापरून सोडलेले, हें सांगावयास नकोच. प्राध्यापकाच्या घरीं नवी वस्तु यावयाची ती दहा वर्षें प्रवास करूनच. खोकें उघडून तिनें तो कॅमेरा माझ्या हातीं दिला आणि मी तत्काळ उद्गारलों, “वा! हा चांगला भक्कम आहे ग. तो जुना म्हणजे खेळणेंच होतें.” त्या वेळीं कॅमेऱ्यांत बॅटरी नव्हती, पुढें भिंग बसविलेलें नव्हतें, त्यांतून एकहि चित्र निघालेलें नव्हतें, तरी माझें प्रशस्तिपत्र लिहून झालें होतें. मुलगी म्हणाली, “बाबा, उत्तरपत्रिकाहि तुम्ही अशाच हातांत तोलून तपासतां काय?”

थट्टा मनाला लागली, म्हणून थोडा शोध केला. छायाचित्रकार ज्याला ‘बॉडी’ म्हणतात, त्या नुसत्या धडाचें वजन पहिल्याचें ४१६ ग्रॅम आणि दुसऱ्याचें ५५६ ग्रॅम. मधल्या १४० ग्रॅमांचा हिशेब मात्र लागतो. हात कांपला तरी चित्र पुसट होऊं नये म्हणून प्रकाश टिपणारा तुकडाच आंतल्या आंत हालवून तो कंप मारून टाकणारी योजना दुसऱ्याच्या पोटांत आहे. पहिल्याच्या पोटांत ती नव्हती. धरावयाची मूठ मोठी केली आहे. पहिल्याचा दर्शनी भाग प्लॅस्टिकच्या जातीचा होता, दुसऱ्याचा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. आणि गंमत अशी कीं, यंत्रांच्या बांधणींत जे धातु सामान्यतः वापरतात त्यांत मॅग्नेशियम हा सर्वांत हलका! पितळ पाण्याच्या सुमारें साडेआठ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, आणि मॅग्नेशियम पावणेदोन पटींच्या आंतच. म्हणजे मला जो भक्कमपणा जाणवला तो निव्वळ भाराचा नव्हता. धातु हातांतली ऊब झटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो. दाबला तर लवत नाहीं, करकरत नाहीं. भार, गारवा आणि ताठरपणा या तीन साक्षीदारांनीं एकमुखानें साक्ष दिली आणि मीं उलटतपासणी न करतां निकाल देऊन टाकला.

या निकालांत माझ्या मायबोलीचाहि हात असावा. आपण चांगल्या माणसाला ‘वजनदार’ म्हणतों, ‘तोलामोलाचा’ म्हणतों. ज्याला मान द्यावयाचा तो ‘गुरु’, म्हणजे शब्दशः जड. ज्याला मान द्यावयाचा नाहीं तो हलका, हलक्या कानाचा, हलक्या मनाचा. ‘भारदस्त’ या शब्दांत तर भार आहेच, आणि फारसींत ‘दस्त’ म्हणजे हात. व्युत्पत्तिशास्त्रज्ञांना काय वाटेल तें वाटो, मला तो शब्द उच्चारतांना हातांत कांहीतरी जड धरल्यासारखें होतें खरें. रुक्मिणीच्या एका तुळशीपत्रानें सत्यभामेच्या सोन्याचा ढीग हलका ठरविला, ही कथा आपण आवडीनें ऐकतों. पण तेथेंहि जिंकलें तें पान जड झालें म्हणूनच. हलकें राहून श्रेष्ठ ठरण्याची सोय आपल्या कथेनेंसुद्धां ठेवलेली नाहीं.

वैशेषिक दर्शनांत गुरुत्व हा एक गुण मानिला आहे आणि प्रशस्तपादांनीं तो अप्रत्यक्ष ठरविला आहे. वस्तु खालीं पडते, त्यावरून गुरुत्वाचें अनुमान करावयाचें. तें इंद्रियांस साक्षात् कळत नाहीं. वर्गांत हें शिकवितांना मला नेहमीं हसूं येई. ठाण्याच्या स्टेशनावर डोक्यावर बोजा घेऊन जिना चढणाऱ्या हमालाला थांबवून सांगा पाहूं कीं, बाबा रे, तुझें ओझें तुला प्रत्यक्ष कळत नाहीं, तें तूं केवळ अनुमानितोस! परंतु आतां वाटतें कीं, त्या जुन्या आचार्याला हमालापेक्षां थोडें अधिक ठाऊक होतें. हाताला जें कळतें तें वस्तूचें वजन नव्हे, आपल्या स्नायूंचे श्रम. पुढचें सारें मन जुळवितें. शार्पांतिये या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९१ सालीं दाखवून दिलें कीं, तंतोतंत सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकीं आकारानें लहान असेल ती माणसाला अधिक जड वाटते. आणि दोन्ही सारख्या आहेत हें तराजूवर दाखविलें तरी ती जडच वाटत राहते. किलोभर कापूस जड कीं किलोभर लोखंड, हें कोडें आपण मुलांना घालतों आणि ‘लोखंड’ म्हणणाऱ्या मुलाला हसतों. हाताचें उत्तर विचाराल तर तें मूल चुकलेलें नाहीं.

आणि अनुमान एवढ्यावर थांबेल तर तें अनुमान कसलें? जड, म्हणून भक्कम. भक्कम, म्हणून टिकाऊ. टिकाऊ, म्हणून करणारा प्रामाणिक. मीं कॅमेरा हातीं धरला त्या क्षणीं ही सारी शिडी मी चढून गेलों होतों. एके काळीं ती शिडी अगदींच कुचकामाची नव्हती. धातु महाग होता, म्हणून भार हा मोलाचा जामीनदार होता. तांब्याचा हंडा घेतांना आमची आजी तो उचलून पाही, बोटानें वाजवी, मगच भावाला हात घाली. आणि ती सहसा फसत नसे. पण जामीनदारहि फितूर होतो. इंग्रजी अमलांतला चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. १९४० सालीं त्यांतील चांदी निम्म्यावर आणली गेली. वजन तेंच राहिलें. हातानें तोच रुपया धरला होता आणि अर्ध्याच्या जवळपास चांदी हातावरून निघून गेली होती. कॅमेऱ्यांच्या जगांतहि असा एक टप्पा आहे. १९७६ सालीं कॅनननें ‘ए ई वन’ हा कॅमेरा काढला. त्याचें वरचें आवरण दिसावयाला रुपेरी धातूचें. प्रत्यक्षांत तें प्लॅस्टिकचें असून वर धातूची झिलई होती. त्या युक्तीनें आणि आंतल्या विजेच्या मेंदूनें तो स्वस्त झाला, लाखोंनीं खपला, आणि ज्यांच्या हातीं तसला कॅमेरा कधींच पडला नसता त्यांच्या हातीं पडला. ही फसवणूक म्हणावी कीं लोकोपकार? मला वाटतें दोन्ही, आणि दोन्हींची वजाबाकी करून शून्य येत नाहीं.

हा प्रश्न एवढ्यावर पुस्तकी राहिला असता. पण पुढच्याच महिन्यांत मला एका कामासाठीं वागळे इस्टेटींत जावें लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, त्याची ही पहिली वसाहत. माझ्या लहानपणीं तीन हात नाक्यावरून आंत शिरलें कीं पत्र्याचीं छपरें, तेलाचा वास आणि कातकामाचा आवाज लागे. आतां पुष्कळ ठिकाणीं कांचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या एकीच्या दारापाशीं दगडासारख्या दिसणाऱ्या भिंतीवर मीं सहज बोटानें टिचकी मारली. भिंत डब्यासारखी वाजली. पहारेकऱ्यानें माझ्याकडे संशयानें पाहिलें, आणि मी पुढें निघालों.

माझा एक जुना विद्यार्थी तेथें वडिलांचा गाळा चालवितो. तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाला, आणि आतां प्लॅस्टिकचा दाणा वितळवून सांच्यांतून वस्तु काढतो. दोन्ही विद्यांत त्याला विरोध दिसत नाहीं. त्यानें मला एका घरगुती उपकरणाची मूठ दाखविली. तिच्या पोटांत बीडाचा एक तुकडा दोन स्क्रूंनीं आंवळलेला होता. मीं विचारलें, “हा कशासाठीं?”

“कांहीं नाहीं सर, वजनासाठीं. पार्टीनें मुद्दाम सांगितलें आहे. हलकी मूठ गिऱ्हाईक हातांत घेतें आणि परत ठेवतें. हा तुकडा घातला कीं ठेवीत नाहीं.”

माझा चेहरा पाहून तो हांसला. “आम्ही कोठेंहि लिहिलेलें नाहीं कीं, ही आंतून भरीव आहे. खोक्यावर वजन छापलें आहे, तें ग्रॅमाग्रॅमास बरोबर आहे. मग यांत खोटें काय?”

मीं त्याला युधिष्ठिराची आठवण करून दिली. अश्वत्थाम्याविषयींचें त्याचें वाक्यहि अक्षरशः खरें होतें. द्रोणांनीं त्यावरून काय समजावें हें मात्र आधीं ठरलेलें होतें. ऐकणारा कोणतें अनुमान काढणार हें ठाऊक असून जो त्याला तें काढूं देतो, त्यानें तें अनुमान स्वतः उच्चारल्यासारखेंच आहे. मग तें कानांत उच्चारलेलें असो कीं तळहातावर. म्हणून तर भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्यानंतर खालीं टेकला.

“पण सर,” तो म्हणाला, “त्यांना द्रोणांना मारायचें होतें. मला कोणाला मारायचें आहे? माझ्याकडे अठरा माणसें आहेत. आणि मूठ जड असली कीं हात कमी थरथरतो, हें तरी खोटें आहे काय?”

हें खोटें नव्हतें. जड कॅमेरा हातांत अधिक स्थिर राहतो, हें मुलगीहि सांगते. मला मग एकच उत्तर सुचलें. मीं म्हटलें, खोक्यावर छापून टाक: ‘हात स्थिर राहावा म्हणून आंत बीड घातलें आहे.’ छापल्यावरहि गिऱ्हाईक घेत असेल, तर तुझें वजन निर्दोष आहे. छापल्याबरोबर खप बसत असेल, तर तूं बीड विकीत नाहींस, गिऱ्हाइकाची गैरसमजूत विकतोस. सोनीवाल्यांनीं आपले १४० ग्रॅम कोठें गेले तें स्वतःच मिरवून सांगितलें आहे. सांगितल्यानें त्यांचा माल पडला नाहीं.

त्यानें विचार केल्यासारखें केलें. “पार्टी ऐकायची नाहीं, सर,” एवढेंच तो म्हणाला. मग त्यानें मला डोळे मिटायला सांगितलें आणि दोन मुठी दोन हातांत दिल्या. “कोणती चांगली?” एकींत बीड आहे हें मला ठाऊक होतें, त्यावर नुकतेंच व्याख्यान देऊन झालें होतें, तरी माझा उजवा हात आपोआप वर आला. तो जड होता.

परत येतांना रिक्षांत मला एक निराळीच मूठ आठवली. तीन वर्षांपूर्वीं अध्यापकाच्या एका जागेसाठीं नेमलेल्या निवड समितींत मी होतों. शेवटीं दोन उमेदवार उरले. एक गृहस्थ होते: आवाज खोल, बोलणें संथ, प्रत्येक वाक्यापूर्वीं क्षणभर थांबणें. दुसरी एक तरुण बाई होती. ती भरभर बोले, मधेंच हांसे, चुकलें तर ‘नाहीं नाहीं, थांबा’ म्हणून स्वतःलाच दुरुस्त करी. अनुमान आणि प्रत्यक्ष यांवर मीं तिला एक आडवा प्रश्न विचारला. तिनें दिलेलें उत्तर मला त्यापूर्वीं सुचलेलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर पुढच्या वर्षापासून मी तें वर्गांत सांगतों आहें. त्या गृहस्थांना तोच प्रश्न विचारला तेव्हां ते दीर्घकाल थांबले, आणि मग प्रश्नच अधिक सुंदर भाषेंत परत आला. आम्हीं सर्वांनीं माना डोलावल्या.

त्या थांबण्याला मीं ज्ञान समजलों, यांत नवल कसलें? मी स्वतः तसाच थांबतों. चष्मा काढतों, पुसतों, मग बोलतों. विद्यार्थ्यांना त्यांत गांभीर्य दिसतें. मला बहुधा पुढचें वाक्य सांपडलेलें नसतें. आणि हें मीं जें गद्य लिहितों, त्यांतसुद्धां दोन-चार ठिकाणीं बीडाचे तुकडे बसविलेले चाणाक्ष वाचकाच्या हाताला लागतीलच. कॅमेऱ्याच्या पोटांतल्या यंत्राचा हिशेब मागणाऱ्यानें हा हिशेब कधीं मागितला नव्हता.

समितीच्या कागदावर त्या बाईंच्या नांवापुढें माझ्या अक्षरांत तीन शब्द आहेत: ‘वजन कमी पडतें’. त्याखालीं माझी सही आहे. त्या आतां कल्याणला एका खासगी क्लासांत शिकवितात असें कळतें. त्यांना पत्र लिहावें असें त्या संध्याकाळपासून मनांत आहे. दोनदां लिहावयास बसलों. पहिलें पत्र फार भारदस्त झालें म्हणून फाडलें. दुसरें अजून अर्धें पडलें आहे.