ठळक अक्षरांची जबाबदारी

मोबाइलवर कुणी शब्द न् शब्द वाचत नाही, हे आता आपण सगळेच धरून चालतो. हा लेख उघडल्यावर तुम्हीही कदाचित अंगठ्याने खालपर्यंत सरकवून तो केवढा आहे ते पाहिलं असेल. ही सवय जुनीच आहे. वेबवर लोक कसे वाचतात हे जेकब नील्सन यांनी १९९७ साली मांडलं, तेव्हा त्यांच्या चाचण्यांमधले ७९ टक्के लोक नव्या पानावर नुसती नजर फिरवत होते. शब्द न् शब्द वाचणारे जेमतेम १६ टक्के होते. तेही टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर बसून.

ऑनलाइन लिहिण्याचे नियम यातूनच आले: परिच्छेद छोटे ठेवा, उपशीर्षकं द्या, मुद्दे बुलेटमध्ये मांडा, महत्त्वाचं ठळक करा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, हे नियम रोज वापरतो आणि ते उपयोगी आहेत. फक्त शेवटच्या नियमापाशी थोडं थांबायला हवं. महत्त्वाचं म्हणजे कुणासाठी महत्त्वाचं?

एक ओळ ठळक केली की शेजारच्या ओळी आपोआप फिक्या पडतात. ‘हे वाच’ म्हणताना आपण ‘ते सोडलंस तरी चालेल’ असंही सांगत असतो. घाईतला वाचक आपल्यावर विश्वास ठेवून ते सोडतो. त्याने काय वाचायचं नाही, हे त्याच्या वतीने आपण ठरवलेलं असतं.

हे ठरवणं किती गंभीर असू शकतं, याचं एक उदाहरण कागदोपत्री नोंदलेलं आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून तो स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. चाचण्या पाहता अंदाज सावधच आहे, अशा अर्थाचं. खरी गोष्ट तळाशी होती, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि इथे प्रश्न १९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट.

१ फेब्रुवारीला परतताना यान हवेतच विखुरलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला, असं म्हणणं चूक ठरेल. पण चौकशी मंडळाच्या अहवालाने त्या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली आणि एडवर्ड टफ्टी यांनी केलेली तिची चिरफाड छापली. मला अस्वस्थ करतं ते हे, की त्या स्लाइडवर धोक्याची गोष्टही लिहिलेली होती. लपवलेलं काही नव्हतं. ती फक्त जिथे नजर पोचत नाही तिथे होती.

बुलेटमध्ये ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे शब्दही गळून पडतात. ‘चाचणी झाली आहे’ आणि ‘तुकडा खूप मोठा आहे’ हे दोन मुद्दे एकाखाली एक सुखाने नांदतात. त्यांच्यामध्ये ‘पण’ घाला. लगेच कुणीतरी विचारेल, मग त्या चाचणीचा उपयोग काय?

याचा अर्थ लांबलचक, सलग मजकूर जास्त प्रामाणिक असतो, असा नाही. ‘अटी व नियम’ सलगच असतात, आणि कुणी वाचू नये अशाच बेताने लिहिल्यासारखे वाटतात. कर्ज देणाऱ्या ॲपवर ‘पाच मिनिटांत पैसे खात्यात’ हे मोठ्या अक्षरांत आणि प्रक्रिया शुल्क राखाडी, बारीक अक्षरांत, हे दृश्य आपल्या ओळखीचं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत, करार होण्याआधीच कर्जदाराला ठरावीक नमुन्यातलं तथ्यपत्रक द्यायला लावलं. सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात सांगावं लागतं. मांडणी ही फक्त डिझायनरची आवड असती, तर त्यासाठी नियम करावा लागला नसता.

लोकलच्या दारात एका हाताने कडी धरून वाचणाऱ्याला सोपं करून देणं, हे चांगलंच काम आहे. त्याच्याकडे वेळ कमी आहे, अक्कल नाही. म्हणून लिहून झाल्यावर एक गोष्ट करून पाहावी. फक्त शीर्षक आणि ठळक ओळी वाचाव्यात, बाकी सगळं झाकावं. एवढंच वाचून कुणी निर्णय घेतला आणि उरलेलं त्याला नंतर कळलं, तर तो काय म्हणेल? ‘अरे, हे वाचायचं राहिलं’ म्हणाला, तर ठीक. ‘मला फसवलं’ म्हणाला, तर मजकुरातलं प्रत्येक वाक्य खरं असूनही त्याचं म्हणणं बरोबर आहे.