हसण्याची जबाबदारी

विनोद निरुपद्रवी असतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण आपण कशाला हसतो, यावरून आपण कशाचा मान राखतो, हेही ठरत नसेल काय?

1994 साली दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ ही विनोदी मालिका सुरू झाली. काटोलच्या आमच्या घरीही ती आवडीने पाहिली जाई. त्यातील प्रेमा ही सिनेनटी, तर तिचा नवरा दिलरुबा घर सांभाळणारा. शेजारचा केशव कुलकर्णी घरी पत्नी असतानाही प्रेमाभोवती घुटमळत असे. रीमा लागू, जतीन कनाकिया अशा कसलेल्या कलावंतांमुळे हसू आवरत नसे. परस्त्रीवर डोळा ठेवणारा केशव आम्हांला मिश्कील वाटे, आणि घरकाम करणारा दिलरुबा बावळट!

पुढे एकदा घरातील मुलाने पाहुण्यांसाठी चहा ठेवला, तेव्हा कोणीतरी त्याला ‘दिलरुबा’ अशी हाक मारली. आम्ही सारे हसलो. तो पुन्हा स्वयंपाकघराकडे फिरकला नाही. त्याची आई मात्र संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत बागेतून दमून येई आणि पुन्हा रांधायला लागे. तिच्याकडे पाहून कोणाला हसू आले नाही. वाईटही वाटले नाही.

मालिका समाजाचा आरसाच दाखवतात, असे कोणी म्हणेल. परंतु आरशात प्रत्येकजण आपल्या सवयीने पाहतो. ‘हम लोग’ (1984-85) या मालिकेत सोशिक भागवंती रंगवली, ती स्त्रीवरील अन्याय दिसावा म्हणून. काही प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानल्याचे अभ्यासकांना आढळले. उलट रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी गोव्यासह काही राज्यांतील खेड्यांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध केला. केबल आल्यानंतर, नवऱ्याने मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तेथे घटल्याचे त्यात दिसले. म्हणजे पडदा माणसाला एकाच दिशेने ओढत नाही.

तेव्हा सारा दोष पडद्यावर टाकून आम्हांला सुटता येणार नाही. पडद्याने थट्टा पुरवली. तिला घरचा नियम बनवले ते आमच्या हसण्याने. मालिका पाहू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. मनमुराद हसून झाल्यावर एवढेच स्वतःला विचारावे : या विनोदात कोणाचे काम हलके ठरले? आणि आपल्या घरी ते काम आज कोण एकटीने उपसत आहे?