फोटोबुकचा भाव करावा का?

घरातल्या फोटोंचे पुस्तक छापून घ्यायचे ठरले की चार ठिकाणचे दर मागवले जातात, आणि तिथेच अनेकांना अवघडल्यासारखे होते. बारशाचे, साठीशांतीचे, गेलेल्या आजीचे फोटो. त्यांचा पानामागे किती रुपये असा हिशेब मांडणे बरे दिसत नाही, असे वाटते. एरवी भाजीच्या जुडीवर घासाघीस करणारा माणूस इथे सांगितला तो आकडा देऊन मोकळा होतो. हा संकोच वरवर सात्त्विक दिसतो. माझ्या मते तो दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केल्यामुळे येतो, आणि ती गल्लत विकणाऱ्याच्या चांगलीच पथ्यावर पडते. आठवणी अनमोल असतात असे एकदा गिऱ्हाइकाच्या मनात बसले की चामडी मुखपृष्ठाचे आणि मखमली पेटीचे पैसे तो बिनतक्रार मोजतो.

इमान्युएल कांटने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात हा गुंता सोडवणारा एक भेद आहे. ज्या गोष्टीच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवता येते तिला किंमत असते. ज्याची अशी भरपाई होऊच शकत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. ही प्रतिष्ठा कांटने माणसाला दिली, कागदाला नव्हे. आजीच्या जागी दुसरे कुणी येत नाही. तिचा फोटो ज्या पानावर छापला त्याच्या जागी दुसरे पान खुशाल येते. तेव्हा छपाईचा भाव करताना आजीचा अपमान होत नाही. उलट, बिल जितके मोठे तितके प्रेम मोठे, हे मानण्यातच माणसाला किंमत चिकटवली जाते.

मग पैसे नेमके कशाचे? ऑफसेटवर पुस्तक छापायचे तर आधी प्लेटा कराव्या लागतात आणि तो खर्च शेकडो प्रतींवर पसरावा लागतो. एका घरापुरती एक प्रत छापणे परवडत नसे. १९९३ मध्ये इंडिगो कंपनीचे डिजिटल छपाईयंत्र बाजारात आले. त्याला प्लेट लागत नाही, प्रत्येक ताव वेगळा छापता येतो. फोटोबुकचा आजचा धंदा अशा यंत्रांवर उभा आहे. त्यामुळे दरात उरतात कागदाची जाडी, आकार, बांधणी, पानांची मांडणी करणाऱ्याची मजुरी आणि घरपोच पोचवण्याचा खर्च. मात्र हे घटक प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने बिलात मांडतो. समजा, एकीकडे २४ पानांचे पुस्तक १,२०० रुपयांना आणि वाढीव पान ४० रुपयांना आहे. दुसरीकडे तेच १,५०० ला आणि वाढीव पान २० ला. जाहिरातीत पहिला स्वस्त, ४० पानांच्या पुस्तकाला दुसरा. शिवाय लग्नाच्या अल्बमवाल्याचा दर बहुधा शीटचा असतो, आणि उघडलेल्या एका शीटमध्ये दोन पाने असतात. दोन दरपत्रके शेजारी ठेवली म्हणून तुलना होत नाही ती अशी.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात म्हटले आहे की घर आणि पादत्राण यांसारख्या विजोड वस्तूंची तुलना पैशामुळे शक्य होते, पण खरे माप पैसा नसून गरज आहे. पैसा हा तिचा ठरवून नेमलेला प्रतिनिधी. म्हणजे दर काढण्याआधी विचारायला हवे की फोटोबुकची गरज कशासाठी आहे. याचे सर्वांत नेमके उत्तर मला न्यायदर्शनात सापडते. तिथे स्मृती संस्कारातून, म्हणजे अनुभवाच्या ठशातून, उपजते, संस्कार आत्म्यात निजलेला असतो आणि त्याला जागे करायला निमित्त लागते. गौतमाच्या न्यायसूत्रांतल्या तिसऱ्या अध्यायात अशा निमित्तांची लांबलचक यादी आहे: एकाग्रता, एका रचनेत गुंफलेले असणे, सराव, खूण, सारखेपणा, वियोग, सुख, दुःख, भय. चांगले फोटोबुक यांतली निदान चार निमित्ते एकाच वेळी हाताशी देते. पण त्यासाठी ते उघडले गेले पाहिजे. बारा बाय छत्तीस इंची अल्बम कपाटावरून काढायलाच दोन माणसे लागतात. मग सराव कुठला?

याहून अडचणीची बाब पुढे आहे. निमित्त जागे करते ते असलेल्या संस्काराला. पणजीला कधीच न पाहिलेल्या पोरापाशी तो संस्कारच नाही. त्याला तिची आठवण येऊ शकत नाही. त्याला ज्ञान होईल ते विश्वासू माणसाच्या शब्दावरून, नैयायिकांच्या भाषेत शब्दप्रमाणाने. फोटोखाली नाव, नाते, गाव आणि साल नसेल तर त्याच्यापुरते ते पान एका अनोळखी बाईचे. गंमत म्हणजे डिजिटल छपाईत पानाचे पैसे पडतात, त्यावरच्या चार ओळींचे सहसा वेगळे पडत नाहीत. दरपत्रकात जे फुकट आहे तेच सर्वांत जास्त टिकणारे आहे, आणि बहुतेक अल्बमांत नेमके तेच नसते.

यावर कुणी म्हणेल, आठवणींना असे बांधून ठेवणे हाच मोह. योगसूत्रांनी अपरिग्रहाला यमांत स्थान दिले ते कशासाठी? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा रोख चुकला आहे. खरा परिग्रह मोबाइलमध्ये आहे, जिथे हजारो फोटो न पाहता साठतात, कारण साठवण्याला सीमाच नाही. वाढीव पानाचा दर माणसाला निवड करायला लावतो. अर्थात या निवडीत वाईटही घडते: पाने कमी पडली की आधी गळतात ती लांबची मावशी, आचारी, भांडून बोलणे टाकलेला भाऊ. पैशाने आठवणीची किंमत ठरत नाही हे खरे, पण कुणाला जागा मिळणार हे काही अंशी तो ठरवतो. म्हणून भाव करून वाचलेले पैसे पानांवर घालावेत, पेटीवर नव्हे.

राहिला टिकाऊपणाचा मुद्दा: स्वस्तातले पुस्तक खराब होईल, म्हणून महाग घ्यावे. कोकणातल्या पावसाळ्यात जाड कागदालाही बुरशी धरते, आणि वाळवी मुखपृष्ठ पाहून थांबत नाही. टिकवायचेच तर दुसरी प्रत हा खरा उपाय, आणि मांडणीचे काम एकदाच होते. दुसऱ्या प्रतीला मुख्यतः कागद, छपाई आणि बांधणीचाच खर्च असायला हवा, आणि तो किती हे आधीच विचारून घ्यावे. पेटीतल्या एका भारी अल्बमच्या पैशात साध्या कडक बांधणीच्या दोन प्रती बसत असतील, तर एक मुलाकडे आणि एक मुलीकडे द्यावी.