फांदी आमची, नाव देवाचं

।। श्री गुरवे नमः ।।



गेल्या वटपौर्णिमेनंतर चारच दिवसांनी संध्याकाळी इंदुरात जोराची आंधी आली. आमच्या अंगणातल्या शेवग्याची (इथे आपण त्याला सुरजनाच म्हणतो) मोठी फांदी मोडली आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंच्या शेडवर पडली. दोन पत्रे वाकले, खाली उभ्या असलेल्या स्कूटीचा आरसा गेला आणि काकूंच्या तुळशीची कुंडी फुटली. नशीब, तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

आम्ही धावत गेलो आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "काकू, काय करणार, देवाची करणी!"

काकू काही बोलल्या नाहीत. नुसतं आमच्याकडे पाहिलं. होळीच्या सुमारास त्यांनीच सांगितलं होतं, "अगं, ती फांदी आतून पोकळ झालीये, सुरवंटही फार झालेत, उतरवून घ्या." आम्ही "हो, बघतो" म्हटलं. मग लग्नसराई, मग सुट्ट्या, मग पाहुणे. तीन महिने फांदी तशीच राहिली. वटपौर्णिमेला मात्र वडाला सूत गुंडाळायला आम्ही वेळेवर हजर होतो!

सत्संगात शरणागतीचा विषय निघतो तेव्हा आपण सगळे माना डोलावतो. सगळं त्याच्या इच्छेने होतं हे खरंच आहे. पण त्या रात्री आम्हाला झोप लागेना. शेंगा आल्या की त्या 'आमच्या झाडाच्या' म्हणून वाटायच्या, आणि फांदी पडली की ती देवाची? असा कसा हिशोब?

मुलाने कायद्याची बाजूही सांगितली. कायद्यातही 'देवाची करणी' असते. निरोगी झाड अचानक आलेल्या वादळाने पडलं तर मालकाला सहसा दोष लागत नाही. पण धोका दिसत असून किंवा कोणी सांगूनही दुर्लक्ष केलं तर जबाबदारी मालकाची. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो गेला. ते झाड वाळलेलं होतं, पाहणाऱ्याला दिसेल असं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये तिथेही दिल्ली महानगरपालिकाच जबाबदार ठरली. पस्तीस वर्षं! त्या घराने काय सोसलं असेल.

आमच्याकडे तर कोर्टाचा प्रश्नच नव्हता, काकू कधीच गेल्या नसत्या. म्हणूनच जास्त लागलं. कोर्टात जाणार नाही अशा माणसाचं नुकसान पचवणं फार सोपं असतं.

अरणचे सावता महाराज आठवले. पंढरीची वारी न करता मळ्यातल्या कामातच त्यांना विठ्ठल भेटला. झाडाला पाणी घालणं ही सेवा, तर वाळकी फांदी वेळेत उतरवणं ही सेवा नाही का? जुलै २०२४ मध्ये आपल्या इंदुरात रेवती रेंजवर चोवीस तासांत बारा लाखांहून जास्त रोपं लागली. लावणारे पुष्कळ होते, फोटोही पुष्कळ निघाले. नंतर पाहणारे किती, ते ज्याचं त्याने पाहावं.

सकाळी आम्ही दोघं काकूंकडे गेलो. म्हटलं, "काकू, कालचं वाक्य परत घेतो. तुम्ही सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही." पैसे पुढे केले तर त्या नको म्हणाल्या. मग 'यांनी' स्वतः पत्रेवाला आणला, आरसा बसवून दिला आणि नवी कुंडी आम्ही मातीसकट नेऊन ठेवली. तुळस जगली.

ज्यांच्या अंगणात झाडं आहेत त्यांनी पावसाचा जोर वाढण्याआधी एकदा वर मान करून पाहावं, आणि शेजाऱ्यांच्या अंगणातूनही पाहावं, तिथून वेगळंच दिसतं. झाड तोडायचं असेल तर आपल्या राज्यात शहरी भागासाठी २००१ चा वृक्ष-परिरक्षण कायदा आहे, परवानगी लागते. मोठी फांदी उतरवतानाही आधी नगर निगमच्या उद्यान विभागात विचारलेलं बरं. आणि शेजाऱ्याचं झाड आपल्याकडे झुकत असेल तर रात्री गुपचूप कुऱ्हाड चालवू नका, आधी बेल वाजवा.

परवा काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "अगं, यंदा शेंगा कधी देणार?" उरलेल्या झाडाला पालवी फुटलीये.

— एक गुरुभगिनी, इंदूर