कापलेलं जाळं

आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला पाणी माहीत ते मालगुजारी तळ्याचं, बोडीचं अन् चुलबंद नदीचं. मासा म्हटला की मरळ, नाहीतर झिंगे. गोंदियाहून दुपारी गाडीत बसलं तर मुंबईचा समुद्र दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दिसतो. साकोलीच्या कास्तकारानं समुद्रातल्या जीवांवर कशाला लिहावं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण तिथला एक प्रश्न माझ्या धानाच्या बांधीतलाच आहे, म्हणून लिहितो.

व्हेल शार्क हा जगातल्या सगळ्या माशांत मोठा. चाळीस फुटांपर्यंत भरतो, म्हणजे बैल जुंपलेल्या दोन बंड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतील जवळपास तेवढा. एवढं धूड, पण खातो काय? तोंड वासून पाणी आत घ्यायचं अन् त्यातले बारीक जीव गाळून पोटात टाकायचे. माणसाच्या वाटेला जात नाही बिचारा. पाठीवर पांढरे ठिपके, अन् एकाचे दुसऱ्यासारखे नाहीत. गुजरातच्या किनाऱ्यावर तेला-मांसासाठी याची मोठी शिकार होत होती. 2001 साली कायद्यानं त्याला वाघाच्या पंगतीत बसवलं. पण भर समुद्रात कायदा पाहायला कोण जातो? मग मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. ते लोकांच्या काळजाला भिडलं. पुढं तिथल्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो मासे सोडले.

आपल्या कोकणात कासवांचं तसंच. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवीण शंभराच्या आसपास अंडी घालते अन् निघून जाते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर. 2021 साली ओडिशात खूण लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. कुठं ओडिशा अन् कुठं गुहागर! हाच जीव जाळ्यात अडकला तर पाण्यात बुडून मरतो, कारण तो आपल्यासारखा फुफ्फुसानं श्वास घेतो. म्हणजे कोळ्याला विचार करायला वेळ थोडाच.

2018 पासून महाराष्ट्र सरकार असा जीव सोडताना कापलेल्या जाळ्याची भरपाई देते, जास्तीत जास्त 25,000 रुपये. फोटो, व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावा लागतो. हे मी पारावर सांगितलं तर एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "पैसे घेतले तर दया कसली? ती त मजुरी झाली."

मला हे पटत नाही. लोंबीवर आलेलं धान रानडुकरं एका रात्रीत लोळवतात, तेव्हा मीही पंचनाम्याला अर्ज करतो. डुकराला मी मारलं नाही अन् भरपाई मागितली, यात कोणती गोष्ट खोटी झाली? पोट भरलेल्याची दया फुकट असते, म्हणून तीच चोख अन् गरिबाची हिणकस, हा कुठला न्याय? वाघ पाहायला नागझिऱ्यात जिप्सीतून येणारा माणूस जंगलावर प्रेम करतो, ते खरंच असेल. पण त्याची बांधी मोडत नाही. समुद्रातलं नवल आपण घरी टीव्हीवर पाहायचं, अन् ते जिवंत राहावं म्हणून जाळं कापायचं कोणी? तर ज्याच्या घरी त्या दिवशीच्या माशावर चूल पेटते त्यानं. मग जाळ्याच्या खर्चात आपला वाटा असायला नको?

आमच्या गावच्या एका ढीवराला मी विचारलं, तुझ्या जाळ्यात असा जीव आला तर काय करशील गा? तो जाळं उसवत बसला होता. म्हणाला, "कापीन भाऊ. जीव मरताना पायवत नाई. पण जाळा विनाले महिना जाते, तवापर्यंत पोराईले काय चारू, थे तुमी सांगा."