हिशेबाची वही बंद कर

कर्जत

चि. बाळ,


पत्र पोचलं. नव्या प्रार्थना-गटात तुला सांगितलं की तारण केवळ विश्वासानं मिळतं, आणि तुझ्या आजीनं जन्मभर जे केलं ते सगळं कर्मकांड. तू ते मान्य केलंस. पण त्याच पत्रात लिहितेस की रोज रात्री वहीत मांडतेस: प्रार्थना किती झाली, रुग्णांवर किती वेळा चिडचिड झाली, कुणाला काय मदत केली. बेरीज चुकली की झोप लागत नाही. ओठांवर विश्वास आणि उशाशी खातेवही! मला तुझी काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

सिद्धटेकला भीमा ओलांडून दौंडकडे गेलं की पुढे केडगाव. तिथल्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य नीट वाच. त्यांचे आईवडील तीर्थयात्रा, व्रतं, दानधर्म करत देशभर फिरले आणि 1874 च्या सुमारास दुष्काळात अन्नावाचून गेले. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं. एवढं केल्यावर कुणीही म्हणेल, या बाईंचं तारण पक्कं. त्या स्वतः मात्र आपल्या साक्षीत सांगतात की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. 1891 च्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन वाचताना त्यांना उमगलं की देवानं स्वीकारावं म्हणून आधी काही करून दाखवायचं नसतं.

आणि त्यानंतर त्या हात बांधून बसल्या नाहीत, हे तुझ्या गटातल्यांना जरूर सांग. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच उभं राहिलं. पुढे अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि 1922 मध्ये प्रभूत निजल्या. काम आधीही होतं, नंतरही. पण आधी मनात धाकधूक होती, ती गेली.

आता बायबलातली पौल आणि याकोब यांची पत्रं. माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो की कृतीनं, यावरून दोघं भांडतात असं तुला वाटतं, कारण अब्राहामाचं उदाहरण दोघंही देतात. पण वेळ पाहा. पौल बोलतो ते, अब्राहामानं वचनावर विश्वास ठेवला त्या रात्रीबद्दल: सुंता नाही, नियमशास्त्र नाही, हातात दाखवण्यासारखं काहीच नाही, तरी देवानं त्याला नीतिमान गणलं. याकोब बोलतो ते कित्येक वर्षांनी, इसहाकाला घेऊन तो डोंगर चढला तेव्हाबद्दल. तेव्हाचा विश्वास खरा होता, हे इथे उघड झालं.

याकोबाचा राग कुणावर आहे, तेही बघ. उपाशी माणसाला नुसते गोड शब्द देऊन वाटेला लावणाऱ्यावर. आणि पाचव्या अध्यायात, पीक कापणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्यावर. आपल्याकडे ज्वारी काढणीच्या दिवसांत हा अध्याय वाचला की अंगावर येतो. बायका दिवसभर वाकून ज्वारी उपटतात आणि रोजंदारी ‘पुढच्या बाजारी देऊ’ म्हणून लांबते. लांबवणारा रविवारी मंडळीत साक्ष देत असेल, तर त्या साक्षीचं काय करायचं? धर्मसुधारक लूथरला याकोबाचं हे पत्र हलक्या तोलाचं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाची ही चूकच, असं माझं ठाम मत आहे.

विश्वास की कर्म, यावरून खोलीतल्या कॅथलिक मैत्रिणीशी अबोला धरू नकोस. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: स्वीकार कृपेनं, आपल्या पुण्याईनं नव्हे, आणि कृपा माणसाला सत्कर्माला लावते. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण गाभ्यावर एकमत झालं.

राहिली आजी. दळण काढण्याआधी ती ज्वारीची एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकायची, मंडळीतल्या गरजूंसाठी. 1972 च्या दुष्काळात घरात तांबडी मिलो ज्वारी आली, तेव्हा मिलोची मूठ पडायची. घरातला दाणान् दाणा ती मापट्यानं मोजायची, दुधाच्या रेघा कोळशानं भिंतीवर ओढायची. तो डबा मात्र तिनं कधी मोजला नाही. भरला की पदराखाली नेऊन रिता करून आणायची. शेवटच्या दुखण्यात पाळकांनी विचारलं, बाई, भरवसा कशावर? ‘त्याच्यावर,’ म्हणाली, आणि डब्याचं नावही काढलं नाही. हिला तू कर्मकांडी म्हणतेस?

तेव्हा ती वही आजपासून बंद. अपराध आठवला तर प्रभूपाशी कबूल कर आणि झोप. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय आणि याकोबाचा दुसरा एका बैठकीत वाच, मैत्रिणीलाही बसव. आणि तुमच्या वॉर्डातल्या त्या म्हाताऱ्यांच्या मुलाला कळवायचं राहून गेलं, असं लिहिलं आहेस. तो फोन उद्या ड्यूटीवर जायच्या आधी कर.

तुझा,
मामा